आतड्याचा कॅन्सर निघालाय आणि ऑपरेशनला अजून वेळ आहे, तर मधले दिवस कसे काढायचे

बायोप्सीचा रिपोर्ट सांगताना डॉक्टर काय काय बोलले ते मला आजही नीट आठवत नाही. टेबलावर आतड्याचं प्लास्टिकचं मॉडेल होतं आणि मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत बसले होते एवढं आठवतं. बाकीचं नवऱ्याने घरी जाताना सांगितलं आणि त्यालाही निम्मंच आठवत होतं. तिथून ऑपरेशनपर्यंत ३७ दिवस होते. रोज मोजले म्हणून आकडा पक्का आहे. खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा हे ३७ दिवस जड गेले, कारण ऑपरेशनमध्ये काय करायचं ते सर्जनला माहीत असतं पण मधल्या दिवसांत आपण काय करायचं ते कोणी बसून सांगत नाही, "टेन्शन घेऊ नका, चांगलं खा" एवढ्यावर भागवतात. म्हणून हे लिहितेय. मला जे उपयोगी पडलं ते आणि जे मला उशिरा कळलं तेही. मी डॉक्टर नाही, तुमच्या तब्येतीबद्दल तुमचे डॉक्टर जे सांगतील ते माझ्या लिहिण्याच्या वर धरा.

आधी तो प्रश्न जो रात्रंदिवस डोक्यात फिरतो

एवढे दिवस थांबायचं म्हणजे आत वाढत असणार ना? मला तर पोटात जरा गुरगुरलं तरी वाटायचं की आत्ता वाढला.

तर मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर एका छोट्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेल्या मांसल वाढीपासून, सुरू होतात आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात, कोणाला कमी कोणाला जास्त. म्हणजे आपल्याला काल कळलं म्हणून ते आत काल झालेलं नसतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धीर यायच्या ऐवजी रागच आला की एवढी वर्षं मग कोणालाच कसं कळलं नाही, पण दोन दिवसांनी तीच गोष्ट कामी आली, की जे इतक्या सावकाश झालं ते तपासण्यांच्या दोन-चार आठवड्यांत एकदम हाताबाहेर जाईल असं सहसा होत नाही.

आणि हे आठवडे रिकामे नसतात. छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन होतो कारण हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा लिव्हर किंवा फुप्फुसात जातो, सीईए नावाची रक्ताची तपासणी होते, गाठ गुदाशयात असेल तर एमआरआय लागतो, मग सर्जन, कॅन्सरचे डॉक्टर, स्कॅन वाचणारे डॉक्टर असे सगळे एकत्र बसून ठरवतात. गुदाशयाच्या गाठीला बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधी रेडिएशन देतात, कधी ५ दिवसांचं कधी ५ आठवड्यांच्या आसपास, आणि त्यानंतर गाठ आकसावी म्हणून पुन्हा मुद्दाम काही आठवडे थांबतात. ते थांबणं हा उपचारातलाच भाग आहे, तुम्हाला कोणी विसरलेलं नसतं.

पण म्हणून तारीख कितीही पुढे गेली तरी गप्प बसायचं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पहिल्याच भेटीत सरळ विचारून ठेवा की माझ्या केसमध्ये जास्तीत जास्त किती दिवस थांबलं तर चालेल. माझा एक रिपोर्ट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलाच नव्हता आणि आम्ही फोन केला नसता तर तो तिथेच पडून राहिला असता. त्या दिवसापासून दर आठवड्याला एक ठरलेला फोन नवरा करायचा, भांडायला नाही, फक्त "आमचं कुठपर्यंत आलंय" एवढंच विचारायला. फोन कोणाला करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. यात संकोच करायचा नाही.

एक वही आणि तीन कप्पे

हे मला एका सिस्टरनी सांगितलं आणि सगळ्यात जास्त याचाच उपयोग झाला. साधी वही घ्यायची. रात्री जे जे डोक्यात येतं ते जसं येईल तसं खरडायचं, नीट वाक्यं नको, काही नको. आणि सकाळी उजेडात बसून प्रत्येक ओळीपुढे १, २ किंवा ३ लिहायचं. १ म्हणजे याचं उत्तर डॉक्टर आत्ता देऊ शकतात. २ म्हणजे याचं उत्तर ऑपरेशननंतरच मिळेल. ३ म्हणजे याचं उत्तर कोणाकडेच नाही.

पहिल्या सकाळी माझ्या १९ ओळी होत्या आणि त्यातल्या ११ पुढे मी १ लिहिला. मला विश्वासच बसेना. रात्रभर मी ज्याला मरणाची भीती समजत होते त्यातलं निम्म्याहून जास्त म्हणजे नुसते न विचारलेले प्रश्न होते. ऑपरेशननंतर किती दिवस हॉस्पिटलमध्ये? शौचासाठी पोटावर पिशवी लागणार का? भुलीतून जाग नाही आली तर? बाथरूमला एकटीला जाता येईल का? हे सगळं विचारता येतं आणि याला उत्तरं असतात.

दोन नंबरमध्ये सगळ्यात मोठी ओळ म्हणजे स्टेज, कॅन्सर किती पसरलाय ते. स्कॅनवरून डॉक्टर अंदाज सांगतात पण पक्की स्टेज आतड्याचा काढलेला तुकडा आणि त्यासोबतच्या लिम्फ नोड्स (छोट्या रसग्रंथी) पॅथॉलॉजीत तपासल्यावरच ठरते, किमान १२ नोड्स बघाव्यात असा नियम आहे, आणि तो रिपोर्ट यायला ऑपरेशननंतर आठवडा-दोन आठवडे जातात. केमो लागणार की नाही तेही बहुतेक तेव्हाच ठरतं. त्यामुळे आत्ता रात्री २ वाजता मोबाईल घेऊन तिसऱ्या स्टेजचे किती लोक किती वर्षं जगतात हे शोधण्यात काही अर्थ नसतो, कारण स्टेजच ठरलेली नसते आणि ते आकडे काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या हजारो लोकांचे एकत्र केलेले असतात, त्यात तुमचं वय, तुमची गाठ, तुमचं शरीर यातलं काहीच नसतं. मी शोधलं. तीन रात्री शोधलं. मग फोन रात्री १० नंतर दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले आणि झोप थोडी तरी यायला लागली.

आणखी एक, स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिव्हरवर छोटा डाग किंवा सिस्ट असं काही दिसलं की आपले हातपाय गळतात. असे साधे डाग खूप लोकांच्या लिव्हरमध्ये असतात आणि त्यांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. रिपोर्ट आपणच वाचून आपणच अर्थ लावू नका, तो १ नंबरचा प्रश्न आहे, विचारा.

तीन नंबरच्या ओळींचं काय करायचं ते पुढे सांगते.

डॉक्टरांना काय विचारायचं

सोबत एकजण घेऊनच जा आणि त्याने फक्त लिहायचं काम करायचं, बोलायचं नाही. डॉक्टरांना विचारून फोनवर रेकॉर्ड केलं तर अजून चांगलं.

गाठ नेमकी कुठे आहे हे चित्र काढून दाखवायला सांगा. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं आणि गाठ कुठे आहे त्यावर सगळं ठरतं, उजव्या बाजूला असेल तर बहुतेकदा तो भाग काढून दोन टोकं जोडतात आणि पिशवीचा विषय सहसा येत नाही, खाली गुदाशयात असेल तर तो विषय नक्की निघतो. दुर्बिणीने करणार की पोट उघडून? दुर्बिणीने सुरू करून मधेच उघडायची वेळ येऊ शकते का? जोड लीक होण्याचा धोका माझ्या बाबतीत किती? गाठीची एमएमआर टेस्ट केली आहे का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण शंभरातल्या सुमारे ३ जणांना हा कॅन्सर लिंच सिंड्रोम नावाच्या घराण्यात चालत आलेल्या दोषामुळे झालेला असतो आणि त्याचा धागा या टेस्टमधून लागतो, कधी कधी उपचारांचा क्रमही त्यामुळे बदलतो. आणि सख्ख्या भावंडांनी, मुलांनी स्वतःची कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची आतून तपासणी) कोणत्या वयात करून घ्यायची तेही याच भेटीत विचारून टाका.

मूल हवं असेल अशा वयात असाल तर रेडिएशन किंवा केमो सुरू व्हायच्या आधीच बोला. स्पर्म किंवा स्त्रीबीज साठवून ठेवायची सोय असते पण ती आधी करावी लागते. ओटीपोटातल्या ऑपरेशनचा लघवीवर आणि शरीरसंबंधांवर परिणाम होऊ शकतो कारण त्या नसा गुदाशयाच्या अगदी जवळून जातात, हेही विचारायचं असतं आणि हे विचारताना जीभ अडखळते हे मला माहीत आहे. मी चिठ्ठीवर लिहून सर्जनच्या हातात दिलं. त्यांनी अगदी नॉर्मलपणे वाचलं आणि उत्तर दिलं.

हे झालं तर तारखेची वाट बघायची नाही

पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत आणि शौचाला किंवा गॅससुद्धा होत नाहीये, याचा अर्थ गाठीने आतडं बंद केलेलं असू शकतं. सकाळपर्यंत बघू असं करू नका, लगेच इमर्जन्सीला जा. खूप रक्त जाणं, चक्कर येऊन पडणं, पोटात अचानक भयंकर दुखून पोट कडक होणं, थंडी वाजून ताप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, यातलं काहीही झालं तरी तसंच. थोडं थोडं रक्त किंवा चिकट आव रोज जात असेल तर ते गाठ आहे तोपर्यंत होत राहतं, पण डॉक्टरांना सांगून ठेवा आणि किती जातंय यावर लक्ष ठेवा.

जाऊन आल्यावर लगेच परत जावंसं वाटतं आणि होत काहीच नाही, हा प्रकार गाठ खाली असेल तर फार छळतो. मला दिवसातून दहा-दहा वेळा व्हायचं. आत गाठ बसलेली असते म्हणून शरीराला वाटतं अजून शिल्लक आहे. कुंथत बसायचं नाही, उठून यायचं. बाहेर जाताना बाथरूम कुठे आहे ते आधी बघून ठेवलं आणि पर्समध्ये जादा अंडरवेअर, ओले वाइप्स ठेवले की घराबाहेर पडायची हिंमत होते.

बद्धकोष्ठ झालं म्हणून स्वतःच्या मनाने जुलाबाचं औषध किंवा फायबरची पावडर सुरू करू नका. एरवी फायबर चांगलं असतं पण आतडं अरुंद झालेलं असेल तर तेच अडकू शकतं. अशा वेळी डॉक्टर उलट कमी फायबरचं, मऊ, थोडं थोडं खायला सांगतात. तुमचं आतडं किती उघडं आहे ते कोलोनोस्कोपीत दिसलेलं असतं, विचारा.

शरीराची तयारी, ही खरंच करायची गोष्ट आहे

ऑपरेशन हा शरीरावर मोठा ताण असतो आणि त्यासाठी आधीपासून अंगात ताकद भरून ठेवायची याला आता डॉक्टर प्रीहॅब म्हणतात. मला वाटायचं आराम करायचा असतो. तसं नाहीये. आराम करत पडून राहिलं की स्नायू झपाट्याने जातात आणि नंतर अंथरुणातून उठणं अवघड होतं.

चालणं सगळ्यात सोपं. असं चालायचं की श्वास जरा वाढला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे, आठवड्यातले ५ दिवस रोज अर्धा तास जमलं तर उत्तम. मी सुरुवातीला ८ मिनिटांत दमायचे, तेव्हा सकाळी ८ मिनिटं आणि संध्याकाळी ८ मिनिटं चालले. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, ऑपरेशननंतर बेडवरून उठताना हेच स्नायू लागतात. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि कळवायचं. आणि श्वासाचं ते तीन गोळ्यांचं खेळणं मिळतं, नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या, ते ऑपरेशननंतर हातात देण्यापेक्षा आधीच मागून घ्या. पोटावर टाके असताना नवीन काही शिकणं कठीण असतं, आधीची सवय असली की न्यूमोनियाचा धोका कमी करायला ते नीट वापरता येतं.

मी दम लागायचा तो भीतीमुळे लागतो समजत होते, निघालं हिमोग्लोबिन ९. आतली गाठ महिनोन्महिने थोडं थोडं रक्त घालवत असते, दिसतही नाही. लोहाच्या गोळ्यांनी वेळ लागतो आणि पोटही बिघडतं, म्हणून ऑपरेशन जवळ असेल तर शिरेतून लोह देतात. मला तसं दिलं आणि तीन आठवड्यांत जिना चढताना फरक कळला. तेव्हा आपलं हिमोग्लोबिन किती आहे हे विचारा आणि कमी असेल तर त्याचं काय करणार तेही विचारा. गोळ्या चालू असतील तर शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नका, पण डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं काळं असेल तर ते रक्त असू शकतं, लगेच सांगा.

खाण्याचं एकच लक्षात ठेवा, प्रोटीन. जखम भरायला तेच लागतं. या काळात साधारण वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि आपण अंदाजाने जेवतो त्यात एवढं बहुतेक जात नाही. किडनीचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. दूध, अंडी, मासे, डाळी, जे पचतं आणि जे आवडतं ते. भूक लागत नसेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी करा. वजन भराभर उतरत असेल तर डाएटिशियनला भेटायला अजिबात उशीर करू नका. आणि साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं सांगणारे भेटतील, तसं होत नाही, सगळं बंद करून तुम्हीच वाळत जाता.

सिगारेट, तंबाखू आज बंद. ४ आठवडे आधी बंद झाली तर जखम भरण्यात आणि फुप्फुसांच्या त्रासात चांगलाच फरक पडतो, आणि तेवढे दिवस हातात नसले तरी बंद करायचीच. दारूही बंद, पण रोज बऱ्यापैकी घ्यायची सवय असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना खरं सांगा, अचानक तोडल्याने फिट येऊ शकते. इथे लाजून खोटं सांगितलं तर भूल देताना अडचण होते.

औषधांची यादी लिहून काढा, अगदी सगळी. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, झाडपाल्याची औषधं, ताकदीच्या कॅप्सूल. यातल्या काही ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात आणि काही शेवटच्या सकाळपर्यंत घ्यायच्या असतात, कोणती कधी ते भूलतज्ज्ञच सांगणार. शेजारच्यांच्या ऑपरेशनला बंद केली होती म्हणून आपण बंद करायची नाही.

पिशवी

हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा रडले, कॅन्सर शब्दाला रडले नव्हते. म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

स्टोमा म्हणजे आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. गुदाशयाच्या ऑपरेशनमध्ये आतली जोड भरून येईपर्यंत तिच्यावरून काही जाऊ नये म्हणून बऱ्याचदा काही महिन्यांपुरता करतात आणि नंतर छोट्या ऑपरेशनने आत टाकतात, मधे केमो असेल तर थोडा उशीर होतो. गाठ अगदी खाली असेल तर मात्र कायमचा करावा लागतो. तुमचा कोणता असणार हे स्पष्ट विचारा, "बघू टेबलावर" असं उत्तर आलं तर कशावरून ठरवणार तेही विचारा.

आमच्या स्टोमा सिस्टरनी मला ऑपरेशनच्या आधी बोलावलं. आधी झोपवून पोट बघितलं, मग बसायला सांगितलं, मग उभं राहायला, मग पायातल्या बुटाची लेस बांधतेय असं वाकायला, आणि प्रत्येक वेळी पोटाला कुठे घडी पडते ते बोटाने दाबून बघत होत्या. कमरेचा पट्टा कुठे येतो, मला मान खाली घालून ती जागा दिसते का, हे सगळं बघून शेवटी मार्करने एक काळा ठिपका काढला. पाचच मिनिटांचं काम, पण जागा चुकली तर पिशवी घडीवर येते, सुटते, गळते आणि माणूस घराबाहेर पडायचा बंद होतो. त्यामुळे पिशवीची नुसती शक्यता जरी असेल तरी जागेची खूण आधी करून द्या असं स्वतःहून म्हणा.

मग त्यांनी एक पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या यात थोडं कोमट पाणी भर, ठिपक्यावर चिकटव आणि एक दिवस घरात वावर. मी तसंच केलं. जिना चढले, भांडी घासली, झोपले. कपड्यांवरून काही दिसत नव्हतं. संध्याकाळी मुलगी येऊन मिठी मारून गेली आणि तिला कळलंही नाही. त्या मिठीनंतर माझी अर्धी धास्ती गेली. स्टोमा लाल आणि ओला असतो, तोंडाच्या आतल्या बाजूसारखा, आणि त्याला दुखत नाही कारण आतड्याच्या त्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसा नसतात, हे आधी माहीत असलं की पहिल्यांदा बघताना धक्का कमी बसतो. ज्यांना स्टोमा आहे अशा एखाद्या माणसाशी बोलायला मिळालं तर जरूर बोला, सिस्टरना विचारलं तर त्या गाठ घालून देतात.

लोकांना सांगायचं, आणि घरातल्यांचं

कोणाला कधी सांगायचं हा तुमचा हक्क आहे. आम्ही घरातला एकच माणूस ठरवला, माझी बहीण, सगळ्या चौकशा तिच्याकडे. नाहीतर तेच तेच सांगून जीव थकतो, आणि समोरचा रडायला लागला की आपणच त्याला धीर देत बसतो. काहीजण येऊन कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो, हात लावू नका, असं सांगतील. ऐकून मन डळमळतं. ऑपरेशन करून ही गाठ पूर्ण काढणं हा या कॅन्सरचा मुख्य उपचार आहे आणि सर्जन ती आजूबाजूच्या चांगल्या भागासकट काढतात. अशा पाहुण्यांना त्या दिवसांत न भेटलेलंच बरं.

लहान मुलांपासून लपवू नका असं मला मनापासून वाटतं. त्यांना घरातली कुजबूज कळतेच आणि मग ती स्वतःच काहीतरी भयंकर कल्पना करून घेतात. आजाराचं नाव सांगा, ते ऑपरेशन करून काढणार आहेत सांगा, हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि हा लागण होणारा आजार नाही हे सांगा. "आई मरणार का" असं विचारलं तर खोटी खात्री देण्यापेक्षा "डॉक्टर बरं करायचा पूर्ण प्रयत्न करतायत आणि जे कळेल ते मी तुला सांगेन" एवढं पुरतं. माझ्या मुलीने एवढं ऐकून विचारलं होतं की मग मला शाळेतून आणायला कोण येणार.

सोबत राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका. आपण घाबरलोय हे बोलायची सोय त्याने बंद होते. त्यापेक्षा सोबत चालायला या, वही घेऊन बसा, किंवा नुसतं शेजारी बसा. आणि तुमचंही जेवण-झोप बघा, ऑपरेशननंतर सगळं सांभाळायची पाळी तुमच्यावर यायची आहे.

आता तीन नंबरच्या ओळी. ज्यांचं उत्तर कोणाकडेच नाही. मी किती जगेन, परत येईल का, मलाच का. यांच्यासाठी मी दिवसातली २० मिनिटं ठरवली, संध्याकाळी साडेपाच ते पाच पन्नास, खिडकीपाशी. तेव्हा हवं तेवढं घाबरायचं, रडायचं, नवऱ्याला सांगायचं. इतर वेळी ते विचार आले की मनात म्हणायचं, साडेपाचला बघू. पहिले चार-पाच दिवस जमलं नाही, मग जमायला लागलं. काही दिवस असे गेले की साडेपाचला बसले आणि रडूच आलं नाही. पण सलग दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, कशातच जीव लागत नाही, किंवा जगूच नये असं वाटतंय, तर त्याला कमजोरी म्हणू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. त्यावर उपचार आहेत आणि ऑपरेशनच्या आधी ते घेता येतात.

शेवटचे दोन दिवस

ऑफिसची रजा, इन्शुरन्सचे कागद, बिलं, बँकेचे पासवर्ड कोणाला तरी माहीत असणं, हे सगळं आठवडाभर आधी उरका, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. पोट साफ करायचं औषध देणार असतील तर तो दिवस बाथरूमच्या जवळच जातो, मऊ टिश्यू आणि त्वचेला लावायचं क्रीम आधी आणून ठेवा, पहिल्या दोन-तीन वेळांनंतर आग व्हायला लागते तेव्हा नाही, पहिल्यापासूनच लावा. औषध थंड करून स्ट्रॉने प्यायलं तर उतरतं. सांगितलेलं पाणी आणि पातळ पदार्थ नीट घ्या, नाहीतर गळून जायला होतं.

पूर्वी रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही अशी पद्धत होती. आता बऱ्याच ठिकाणी घन पदार्थ ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुम्हाला लिहून दिलेली वेळ असेल तीच पाळा, कारण आतडं अरुंद असेल किंवा पोट हळू रिकामं होत असेल तर नियम वेगळा असतो.

बॅगेत सैल कपडे, बंद टाचेच्या चपला, लांब वायरचा चार्जर, चष्म्याची डबी, औषधांची यादी आणि वही. ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून बसवतात आणि चालवतात, त्याला नको म्हणू नका, चालल्याने आतडं लवकर जागं होतं आणि पायात गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो. दुखत असेल तर चालायच्या आधी वेदनेचं औषध मागून घ्या.

नेलपॉलिश काढा, अंगठी काढून घरीच ठेवा. पोटावरचा तो ठिपका अंघोळीत घासू नका. माझा फिकट झाला होता म्हणून आत नेण्याआधी सिस्टरनी तो परत गडद केला, आणि वही मी नवऱ्याच्या हातात दिली, दोन नंबरच्या ओळींचं पान दुमडून.